कूळ विचारणारी भाषा

पांग लाओ, नान प्रांत
८ जून, बुद्धसंवत २५४०

श्री. थिरयुत यांस,

तुमचं पत्र आठ दिवस भाताच्या कणगीवर पडून होतं. मी उत्तर देणार नव्हतो. पण तुम्ही प्रश्न विचारलात, आणि मी एकतीस वर्षं शाळेत थाई शिकवलेलं आहे. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देता वर्ग सोडायची मला सवय नाही. यावरून बाकी काही समजू नका.

तुम्ही विचारता, थाई माणसाला ह्मोंग किती दिवसांत येईल आणि सुरुवात कुठून करावी. सहा वर्षांपूर्वी तुम्ही आमची डोंगरउतरण मोजायला आलात आणि मोजणी झाल्यावर माझी मुलगी घेऊन गेलात. तेव्हा हा प्रश्न सुचला नसावा. असो.

मी तुमच्या उलट्या दिशेनं चाललेलो आहे. आठव्या वर्षी डोंगर उतरून खोऱ्यातल्या मठाच्या शाळेत गेलो तेव्हा मला थाईचा एकच शब्द येत होता, ‘नाही’. त्यामुळे मला काय जड गेलं आणि तुम्हाला काय जाईल, हे मी सांगू शकतो. सुरांची धास्ती घेऊ नका. परदेशी माणूस पहिलं वर्ष त्यातच घालवतो, कारण तोच शब्द वर चढवला की एक अर्थ आणि खाली सोडला की दुसरा, हे त्याच्या कानाला पटत नाही. थाईत पाच सूर, आमच्यात सात. आठवाही आहे, पण त्याचं नंतर पाहू. तुमचा कान तयार आहे. एकच सूर तुम्हाला छळेल. तो घसा सैल सोडून, उसासा टाकल्यासारखा काढायचा असतो. थाई माणूस तो काढायला गेला की आजारी वाटतो.

तुम्ही अडखळाल ते शब्दाच्या सुरुवातीला. थाई शब्द पुष्कळदा तोंड मिटून संपतो, आमचा उघड्या तोंडानं संपतो. पण सुरुवातीला आम्ही नाकातून हवा सोडतो, जिभेच्या कडेनं सोडतो, दोन-तीन आवाज एकदम करतो. आमच्या जातीचं नावच तसं सुरू होतं. तुम्ही पत्रात सगळ्या थाई लोकांसारखं ‘मोंग’ लिहिलंत. आधी नाकातून ‘ह’, मग ‘म’. रोज सकाळी वीस वेळा म्हणा. शेजाऱ्यांना सर्दी झालीय असं वाटलं तरी चालेल.

लिपीचं म्हणाल तर चव्वेचाळीस व्यंजनं पाठ करून, शब्दांमध्ये जागा न सोडता लिहिलेलं वाचणाऱ्याला कशाचं भय? आमची लिपी रोमन अक्षरांची, पाद्र्यांनी बसवलेली, वयानं माझ्याहून लहान. तिच्यात शब्दाच्या शेवटी एक अक्षर लिहितात ते वाचायचंच नसतं, ते फक्त सूर सांगतं. क्रियापद दोन्हीकडे सारखंच गरीब. काल, आज, उद्या, तो, ती, कशानंही बदलत नाही.

तुम्ही लिहिता की ती अलीकडे घरात एकटी असली की ह्मोंगमध्ये बोलते, तुम्ही आलात की थांबते, आणि सहा वर्षांत तुमच्याशी ती ही भाषा बोललेली नाही, म्हणून तुम्हाला शिकायचंय. ती एकटी कुणाशी बोलते, हे मला इथून कसं कळणार?

पाकिटावरचा पत्ता तुमच्या हातचा नाही. ती गोल अक्षरं मी पाटीवर गिरवून घेतलेली आहेत. त्याबद्दल मी काही विचारत नाही.

पावसाळ्यात तिला खोकला व्हायचा. आल्याचा रस आणि मध द्या. हे भाषेत येत नाही, पण कागद उरला होता.

साइ न्या मुआ


२९ जून

थिरयुत यांस,

पहिलं पत्र टपालात टाकल्यावर तिच्या आईनं तुमचं पत्र माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं. तिला वाचता येत नाही. दुसऱ्यांदा ऐकताना ती आधी हसली आणि मग डोळे पुसायला लागली. म्हणाली, “एवढी पोरं शिकवलीत आणि एवढं कळेना होय तुम्हाला? बाई एकटी कुणाशी बोलते? पोटाशी बोलते.”

म्हणून मी तुम्हाला मधेच दोन ओळींचं कार्ड टाकलं. तुमचं उत्तर आलं: होय, डिसेंबरअखेर. का यिंगनं तुम्हाला हे कळवायला बंदी केली होती, असंही तुम्ही लिहिलंत. (तिचं नाव लिहिलं मी. लिहिलं तर लिहिलं.)

आता धडा. तुम्ही आदराचे शब्द मागवलेत. आमच्याकडे ते नाहीत. वाक्याच्या शेवटी ‘ख्राप’ जोडून साखर घालायची सोय नाही. थाईत मला ‘मी’ म्हणण्यासाठी आयुष्यभर कपडे बदलावे लागले. साहेबापुढे एक मी, मित्रांत दुसरा, भिक्खूंपुढे तिसरा, आणि चुकलं की लोक म्हणत, डोंगरावरचा आहे. ह्मोंगमध्ये ‘मी’ एकच. राजापुढेही तोच आणि डुकरांना हाकलतानाही तोच. उलट तुमच्याकडे नाही असं काही आमच्याकडे आहे. ‘आम्ही दोघं’ याला वेगळा शब्द, ‘तुम्ही दोघं’ याला वेगळा, ‘ती दोघं’ याला वेगळा. तिसरं माणूस आलं की शब्द बदलतो. तुमच्या घरी तो डिसेंबरात बदलेल.

मग आदर कुठे ठेवतो? नात्यात. थाई माणूस भेटला की जेवलात का विचारतो. आम्ही अनोळखी ह्मोंग भेटला की पहिल्यांदा कूळ विचारतो. त्याशिवाय दुसरं वाक्य बोलता येत नाही, कारण समोरच्याला काका म्हणायचं, मामा म्हणायचं की मेहुणा, हे कुळावर ठरतं. तुम्हाला कुणी विचारलं तर तुम्ही गप्प बसाल. तुम्ही सगळे सूर बरोबर काढलेत तरी बिनकुळाचा माणूस आमच्या भाषेत कुठे बसवायचा, हे कुणाला कळणार नाही.

हे लिहायचं नव्हतं, पण तुम्ही बाप होणार आहात. ह्मोंग मुलगी लग्नात बापाच्या घरच्या देवांकडून नवऱ्याच्या घरच्या देवांकडे सोपवली जाते. ती जबाबदारी मध्यस्थ पार पाडतात, दोन इकडचे, दोन तिकडचे. का यिंग पळून गेली. माझ्या देवांकडून गेली आणि दुसऱ्या कुणाकडे पोचली नाही. आज तिचा आत्मा कुणाच्याच घरचा नाही. माझी धाकटी बहीण बाळंतपणात गेली होती, पण तिला वाट दाखवणारं सासर होतं. का यिंगला काही झालं तर वाट कोण दाखवेल? आणि मूल जन्मलं तर ते कुणाचं म्हणायचं? माझी झोप गेलीय ती यामुळे. तुमच्या नाकातल्या ‘ह’मुळे नाही.

साइ न्या मुआ


२१ जुलै

सर्वेसाहेब,

तुमची सही वाचली. ‘लेंग मुआ.’ मी ती चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग ओसरीवर जाऊन बसलो. तिच्या आईला वाटलं, कुणी मेलं.

तुम्ही आनंदानं लिहिता की चियांग माईच्या बाजारात झाडपाला विकणारे एक वृद्ध मुआ तुम्हाला भेटले. तुम्ही कुळाची अडचण सांगितलीत. त्यांनी कोंबडी कापली, मनगटाला दोरे बांधले, लेंग असं नाव दिलं आणि आजपासून तू मुआ म्हणून जाहीर केलं. मला मान द्यावा म्हणून तुम्ही मुद्दाम माझं कूळ निवडलंत. का यिंगपासून लपवून ठेवलंत, तिला आश्चर्याचा धक्का द्यायला.

बसला असेल धक्का. अहो, तुम्ही तिचे भाऊ झालात!

मुआ मुआशी लग्न करत नाही. पृथ्वीच्या दोन टोकांना जन्मलेले, एकमेकांचं तोंड न पाहिलेले मुआसुद्धा बहीणभाऊ असतात. थाई माणसाला आडनाव म्हणजे कचेरीतला कागद. भविष्यवाल्यानं सांगितलं की बदलून आणतो. आमचं कूळ हाडात असतं. तुमच्या पत्राच्या तळाशी तुम्ही बापुडवाणं लिहिलंय की ती ऐकल्यापासून मैत्रिणीकडे झोपायला जाते आणि तुमचं ताट बाहेरच्या खोलीत ठेवते, हिचं काय बिनसलंय? काही बिनसलेलं नाही. बहीण भावाशी वागते तशी ती वागतेय. आजवर निदान तुम्हाला कूळ नव्हतं, तेव्हा मध्यस्थांपुढे जायची थोडी आशा होती. आता तीही गेली.

त्या झाडपालेवाल्यानं बायको कुठल्या कुळाची हे विचारलं नाही, यावरून त्याच्या औषधांचा भरवसा धरू नका.

आणि हो, चूक माझीही आहे. कूळ हवं एवढं शिकवलं. बायकोचं नको, हे सांगायच्या आत पाकीट बंद केलं. एकतीस वर्षांत अर्धा धडा शिकवून मी कधी घंटा वाजवली नव्हती.

दोरे अजून मनगटाला असतील तर तसेच ठेवा. मी काहीतरी पाहतो.

साइ न्या


३ ऑगस्ट

थिरयुत यांस,

मी माझ्या थोरल्या बहिणीकडे गेलो. का यिंगची पा लिया आत्या. डोंगराच्या पलीकडे दोन तास चाल आहे. सहा वर्षं आम्ही बोलत नव्हतो. का, ते पुढच्या पत्रात. तिला थाओ कुळात दिलेली आहे, नवरा वारला, पाच मुली झाल्या आणि पाचही आपापल्या सासरी आहेत. भाषा अशी की कोंबडे गप्प बसतात.

मी दारात उभा राहिलो तर म्हणाली, “आलास? मला वाटलं मी मेल्यावर येशील.” मग आत घेतलं आणि तुमचं पत्र वाचून घेतलं. ‘लेंग मुआ’ ऐकल्यावर ती एवढी हसली की पाइप विझला.

हसून झाल्यावर मात्र वकिलासारखं एकेक विचारायला लागली. तो झाडपालेवाला राहतो कुठे? बाजारावरच्या भाड्याच्या खोलीत, मी म्हणालो, पत्रात आहे. खोलीत घरच्या देवांचा कागद भिंतीला लावलेला आहे का? तुम्ही लिहिलंत, भिंतीवर फक्त दिनदर्शिका होती. दारात कोंबडा डोक्यावरून फिरवला का? नाही. पूर्वजांना भात वाढून, या मुलाला घेतोय असं सांगितलं का? नाही, लगेच जेवायला बसले.

“मग कसला मुआ?” ती म्हणाली. “देवांना कुणी विचारलं नाही, पूर्वजांना कुणी सांगितलं नाही. या पोरानं नुसती कोंबडी खाल्लीय.”

मला इतकं हलकं वाटलं की मी तिच्या घरी तीन वाट्या भात जेवलो. तुम्हीही आता ते दोरे तोडा आणि का यिंगला सांगा की आत्यानं निकाल दिला. ती घरी झोपायला येईल.

पुढचं नीट वाचा. आमच्याकडे भावाच्या मुलीवर बहिणीचा पहिला हक्क असतो. बहीण आपल्या मुलासाठी तिला मागू शकते, आणि भावाला नाही म्हणणं जड जातं. पा लियाला मुलगाच झाला नाही, म्हणून तिचा हक्क पडून राहिला. परवा ती म्हणाली, “का यिंगचा जन्म झाला तेव्हापासून ती माझी सून व्हायची होती. मुलगा तेवढा यायचा होता. उशिरा आला आणि वाढलेला आला, तर मी काय परत पाठवू?”

ती तुम्हाला मुलगा म्हणून घ्यायला तयार आहे. लेंग नाव ठेवायलाही तिची हरकत नाही, म्हणते नाव चांगलं आहे, कूळ चुकलं. तिच्या दिराला विचारावं लागेल, कारण थाओ घराण्याचा कर्ता तो आहे. पण तो तिला घाबरतो. तुमच्या आईवडिलांना हे कसं वाटेल ते विचारा. त्यांचा मुलगा कुणी काढून घेत नाही. आमच्या बाजूनं तुम्हाला बसायला जागा करून देतोय, एवढंच.

तिची एक अट आहे, ती मला घातलीय, तुम्हाला नाही. ती पुरी केल्याशिवाय ती दिराशी बोलणार नाही.

साइ न्या


१७ ऑगस्ट

थिरयुत, आणि का यिंगलाही वाचून दाखवा,

दोन आठवडे मी या पत्राची सुरुवात फाडतोय.

तुम्ही सहा वर्षांपूर्वी का यिंगला नेलंत, त्यानंतर मी तीन दिवस अंगणात बसून होतो. मुलगी पळवली की मुलाकडचे दोन माणसं पाठवतात, तंबाखू पुढे करून सांगतात की तुमची मुलगी आमच्याकडे सुखरूप आहे. कुणी आलं नाही. तुम्हाला ही रीत ठाऊक नव्हती, हे मला तेव्हाही कळायला हवं होतं. सातव्या दिवशी तुम्ही स्वतः आलात, आईवडिलांना घेऊन, फुलांचे हार आणि मानाचं ताट घेऊन. आमच्यात नवरामुलगा स्वतः तोंड उघडत नाही, पण तुमच्या रीतीनं तुम्ही मोठाच मान घेऊन आला होतात.

दारावर हिरवी डहाळी टांगलेली होती. का यिंगनं ती पाहून तुम्हा सगळ्यांना फाटकातूनच परत नेलं. तिनं तुम्हाला सांगितलं असेल की डहाळी लावली म्हणजे घरात आजाऱ्यासाठी विधी झालाय, बाहेरच्यानं आत पाऊल टाकायचं नाही, टाकलं तर घरच्यांवर संकट येतं. तुमच्या आईनं तर जाताना फाटकाला हात जोडले.

घरात कुणी आजारी नव्हतं. विधी झालेला नव्हता. गाडी वळणावर दिसली तेव्हा मी परसातल्या पेरूची फांदी तोडली आणि दाराला अडकवली, आणि आत आडव्या फळीमागे उभा राहिलो. तिची आई शेतात होती. ती येण्याआधी मी फांदी चुलीत घातली आणि तुम्ही आला होतात हे तिला कधीच सांगितलं नाही. ती सहा वर्षं म्हणत राहिली, पोरगी एकदाही आली नाही. मी ऐकून घेत राहिलो.

त्या दुपारी पा लिया आमच्या वाटेनं जात होती. डहाळी पाहून घाबरली, शेतात जाऊन का यिंगच्या आईला, डहाळीचं नाव न काढता, घरी सगळे बरे ना एवढंच विचारलं, आणि तिला कळलं. तिनं मला एकच वाक्य सांगितलं होतं, देवांच्या नावानं खोटं दार लावलंस. तेव्हापासून आमचं बोलणं बंद होतं.

तिची अट हीच होती, की हे मी माझ्या हातानं लिहावं. काल का यिंगच्या आईलाही सांगितलं. ती अजून माझ्याशी बोललेली नाही. भात मात्र वाढते.

मी चुकलो. थाईत यासाठी पाच-सहा वजनाचे शब्द आहेत, मला सगळे येतात. ते वापरत नाही.

साइ न्या


९ सप्टेंबर

थिरयुत,

तुमच्या पत्रात का यिंगची चिठ्ठी होती. ह्मोंगमध्ये, पाद्र्यांच्या लिपीत. ही ती कुठे शिकली? मी तरी शिकवली नव्हती, शाळेत मी तिला थाईशिवाय बोलू देत नसे. मला वाचायला वेळ लागला.

ती लिहिते की तिला तेव्हाच कळलं होतं. पेरूची डहाळी आपण कधी लावत नाही, अंगणात विधीची राख नव्हती, कोंबडीचं पीस नव्हतं. ‘परक्या माणसांसमोर तुम्ही खोटे पडू नयेत, म्हणून मी त्यांना परत नेलं.’

एवढंच आहे. खाली नावही नाही.

मी ते तिच्या आईला वाचून दाखवलं. मग आम्ही दोघंही बराच वेळ कणसं सोलत बसलो. ज्या दिवसाचा राग धरून मी सहा वर्षं काढली, त्या दिवशी माझी अब्रू माझ्या मुलीनं राखली होती. मला खूप लाज वाटली, आणि खरं सांगतो, त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. संध्याकाळी तिच्या आईनं विचारलं, “मीठ पुरेसं आहे का?” तीन आठवड्यांतलं तिचं पहिलं वाक्य. मीठ जास्त होतं. मी पुरेसं आहे म्हणालो.

पा लियाच्या दिरानं होकार दिला. भातकापणीआधी तिच्या घरी या. यावेळी कोंबडा, देव, पूर्वज, सगळं रीतसर होईल. जेवण सगळ्यात शेवटी.

एक धडा राहिला. लग्नात तुम्हाला बोलायचं नाही. तुमचे मध्यस्थ बोलतील, जुन्या गाण्यांमधून बोलतील, ती भाषा आमच्या तरुणांनाही धड कळत नाही. तुमचं काम गुडघ्यांचं आहे. मुआ घराण्यातली नावं एकेक करून पुकारतील, आधी मेलेल्यांची, मग जिवंतांची, आणि प्रत्येक नावाला तुम्ही आणि तुमचा पाठराखा दोघांनी गुडघे टेकून नमस्कार करायचा. थाईत आदर जिभेवर असतो, आमच्यात तो त्या दिवशी गुडघ्यांवर असतो. आतापासून जिने चढा.

साइ न्या


१८ नोव्हेंबर

थिरयुत, आता थाओंचे लेंग,

तुम्ही सगळे पा लियाच्या घरी पोचलात हे पिकअपवाल्याकडून कळलं. गुडघ्यांना तेल लावा, गरम करून.

पाच महिने जीव तोडून भाषा शिकलात आणि लग्नाच्या दोन दिवसांत तुम्हाला एक शब्दही बोलता आला नाही, याचं मला रोज हसू येतंय. माझंही तेच. मुलीच्या बापानंही मध्यस्थांच्या तोंडूनच बोलायचं असतं. का यिंग त्याच खोलीत चुलीजवळ पाठीला उशी घेऊन बसली होती आणि आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मी तिच्या पावलांकडे पाहत होतो. सुजलीयत. मिठाचं पाणी.

तुमचे मध्यस्थ काळी छत्री घेऊन दारात आले तेव्हा माझ्या मध्यस्थांनी त्यांना रीतीप्रमाणे ताटकळत ठेवलं. मला आत बसवेना. पा लिया शेजारून पुटपुटली, “गप्प बस. या वेळी दार खरं आहे.”

नावं पुकारली गेली. माझ्या आजोबांच्या नावाला तुम्ही वाकलात, बाळंतपणात गेलेल्या बहिणीच्या नवऱ्यालाही वाकलात, आणि माझं नाव आलं तेव्हा तुमचा पाठराखा दमून एका हातावर टेकला होता, तुम्ही टेकला नव्हतात. मी ते पाहिलं.

निघताना मुलीनं मागे वळून पाहायचं नसतं, नाहीतर तिचा जीव माहेरी अडकतो. मी ओसरीवर उभा राहून मनात म्हणत होतो, बघू नको, बघू नको. ती सरळ गेली. आठव्या वर्षापासून माझं एकही न ऐकलेली मुलगी. मग पा लियाच्या दारात तुमच्या डोक्यांवरून कोंबडा फिरला आणि ती थाओंच्या देवांची झाली. ती माझ्या घरची राहिली नाही, हे मी आता शांतपणे लिहू शकतो. ती कुणाच्या तरी घरची आहे. परवा मी उजाडेपर्यंत झोपलो, तिच्या आईला हलवून उठवावं लागलं.

साइ न्या


२ जानेवारी २५४१

चॉ लेंग यास,

हे नाव पाहून गोंधळू नका. आमच्यात पुरुषाला मूल झालं की सासू-सासरे त्याला जाणतेपणाचं नाव देतात, आधीच्या नावापुढे जोडून. ते दुसरं कुणी देऊ शकत नाही, बाजारात कोंबडी खाऊन मिळत नाही. तिच्या आईनं आणि मी ‘चॉ’ ठरवलं. चॉ म्हणजे ज्याला येतं तो. तुम्हाला अजून येत नाही, उसाशाचा सूर काढताना अजून तुम्ही आजारी वाटता. पण नाव पुढचं पाहून देतात. महिना संपला की तुम्हाला बोलावून रीतसर देऊ. तोवर कुणी या नावानं हाक मारली तर ओ द्या.

मुलगी झाल्यावर तुम्ही जन्माची नोंद करायला इस्पितळाच्या खालच्या खिडकीपाशी गेला होतात, आणि पा लिया गरम पाणी शोधत होती, म्हणून पुढचं कुणालाच माहीत नाही. का यिंग तुम्हाला सांगणार नाही. मी सांगतो.

तिच्या आईनं दिलेली उकडलेली कोंबडी आणि औषधी पाला घेऊन मी खोलीत गेलो. वाटभर पिकअपमध्ये मी बोलायचं ठरवत होतो. सहा वर्षांत तिच्याशी पहिलं वाक्य. ह्मोंगमध्ये जुळवलं, मोडलं. थाईत जुळवलं, तेही मोडलं. दोन भाषा शिकवलेला माणूस मी, एकीतही सुरुवात सापडेना. दारातून आत गेलो आणि डबा हातात धरून नुसता उभा राहिलो. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “का यिंग, ती पेरूची…”

“बाबा,” ती म्हणाली, “डबा ठेवा आणि हिला धरा. मला भूक लागलीय.”

मी हात धुतले आणि धरली.

साइ न्या